हिरव्या बिल्डचा पुरावा किती?

पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत एक मत इतकं रुळलं आहे की त्यावर वाद घालावा असंही आता कुणाला वाटत नाही. टेस्टिंग जेवढं स्वयंचलित होईल तेवढं चांगलं, आणि सगळंच स्वयंचलित झालं तर सर्वांत चांगलं, असं ते मत. हिंजवडीपासून खराडीपर्यंत टीमच्या आढावा बैठकांत ‘ऑटोमेशन किती टक्के झालं’ ही ओळ हमखास असते. साठ टक्के म्हणजे बरं, नव्वद म्हणजे उत्तम, शंभर म्हणजे क्लायंटला दाखवायची खास स्लाइड. या मताच्या मागोमाग दुसरं मत येतं, की हाताने टेस्टिंग करणाऱ्यांचे दिवस भरले. इंजिनिअरिंग संपवून लातूरहून, जळगावहून पुण्यात आलेल्या आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात हा सल्ला मिळतो: मॅन्युअलला स्कोप नाही, सेलेनियमचा क्लास लाव.

हे मत मला चुकीचं वाटतं, आणि त्याने नुकसान होतं आहे असंही वाटतं. सॉफ्टवेअरचं नुकसान होतंच, शिवाय ते तपासणाऱ्या माणसांचंही होतं. पण खंडन करायचं तर आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. आपल्या वादपद्धतीची ही जुनी अट मला मान्य आहे. समोरच्याचं म्हणणं लंगडं करून त्याला पाडण्यात काहीच पुरुषार्थ नाही.

पूर्वपक्ष साध्या गणितावर उभा आहे. एखाद्या उत्पादनाच्या दोन हजार टेस्ट केस आहेत असं धरा. एक केस हाताने तपासायला दहा मिनिटं लागतात. म्हणजे एक पूर्ण रिग्रेशन, सगळ्या केसची एक फेरतपासणी, झालं वीस हजार मिनिटांचं, सव्वातीनशेहून अधिक तासांचं. पाच टेस्टर रोज आठ तास दुसरं काही न करता बसले तरी आठ दिवसांहून जास्त लागतात. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे दिवस दहा. म्हणजे नव्या कामाला हात लावायच्या आतच स्प्रिंट संपला. त्यात माणूस थकतो. सहाव्या दिवशी तोच फॉर्म भरताना त्याची नजर ओळींवरून नुसती फिरते, वाचत नाही. यंत्र थकत नाही आणि रात्री काम करतं. पहिल्या वेळी जसं पाहिलं तसंच हजाराव्या वेळीही पाहतं. सेलेनियमचा जन्मही याच वैतागातून झाला. २००४ मध्ये शिकागोला थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्स कंपनीच्या अंतर्गत वापराच्या, वेळ आणि खर्च नोंदवण्याच्या ॲप्लिकेशनवर काम करत होता. तेच तेच हाताने तपासण्याचा कंटाळा येऊन त्याने ब्राउझर चालवणारं साधन लिहिलं. पुढे सेलेनियममध्ये विलीन झालेल्या वेबड्रायव्हरला २०१८ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. एवढा प्रवास निव्वळ फॅशनवर होत नाही.

हे सगळं मला मान्य आहे. पुन्हा पुन्हा करायची, आधीच ठरलेली तपासणी यंत्राने करावी; ती माणसाकडून करवून घेणं हा माणसाच्या बुद्धीचा अपमान आहे. माझा आक्षेप यापुढच्या उडीला आहे. ‘पुष्कळ गोष्टी यंत्राने कराव्यात’ इथून ‘सगळंच यंत्र करील’ इथे आपण कधी पोचलो? मधली पायरी कुणी सिद्ध केली?

टेस्ट म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. टेस्टमध्ये प्रोग्रामला काहीतरी दिलं जातं, प्रोग्राम चालवला जातो आणि आलेलं उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहिलं जातं. देणं, चालवणं आणि ताडणं ही तिन्ही कामं यंत्र करतं, आणि माणसापेक्षा बरी करतं. पण अपेक्षित उत्तर कुठून येतं? ते यंत्रात नसतं आणि कोडमध्येही नसतं. कोडमध्ये असतं ते ‘सध्या काय होतं’. ‘काय व्हायला हवं’ हे कायद्यात असतं, परिपत्रकात असतं, ग्राहकाच्या डोक्यात असतं, कित्येकदा कुणाच्याच डोक्यात स्पष्ट नसतं आणि कुणीतरी विचारल्यावरच ठरतं. संगणकशास्त्रज्ञ एलेन वायुकर यांनी १९८२ मध्येच हा प्रश्न नीट मांडला होता: बरोबर उत्तर कोणतं ते सांगणारा कुणीतरी हाताशी आहे, हे आपण टेस्टिंगमध्ये गृहीत धरतो, आणि अनेकदा तो नसतोच. ऑटोमेशनने हा प्रश्न सुटत नाही. उत्तर ठरलेलं आहे असं धरूनच ते सुरू होतं.

एक उदाहरण घेतो. जुन्या कररचनेत ६० वर्षं पूर्ण झालेल्या निवासी करदात्याला करमुक्त उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांऐवजी तीन लाख मिळते. आर्थिक वर्षात केव्हाही ६० पूर्ण झाले तरी चालतं. आता ज्याचा जन्म १ एप्रिलचा आहे त्याचं काय? कोड लिहिणारा सरळ वजाबाकी करील: साठावा वाढदिवस १ एप्रिलला, म्हणजे नव्या आर्थिक वर्षात, म्हणून ३१ मार्चला संपलेल्या वर्षाची सवलत नाही. त्याच कोडवरून काढलेली टेस्टही तेच म्हणेल. दोघांचं जुळेल आणि बिल्ड हिरवी होईल, म्हणजे सगळ्या टेस्ट पास. पण केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जुलै २०१६ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं आहे, की १ एप्रिलला जन्मलेल्या माणसाचं ते वय आदल्या दिवशी, ३१ मार्चलाच पूर्ण झालं असं धरायचं. म्हणजे सवलत एक वर्ष आधी मिळते. हे परिपत्रक कुठल्याही रिपॉझिटरीत सापडणार नाही. ‘१ एप्रिलवाल्याचं काय?’ हा प्रश्न सुचलेल्या माणसालाच ते सापडेल. एकदा सापडलं की त्याची टेस्ट लिहायला पाच मिनिटं पुरतात, आणि ती रोज चालवायची तर यंत्रानेच चालवावी.

कामाचं वजन कुठे आहे ते यावरून दिसतं. ते त्या पाच मिनिटांत नाही.

याच पुण्यात या विषयावर फार गंभीर काम झालेलं आहे, आणि टक्केवारीवाल्यांनी ते पाहायला हवं. फकीरचंद कोहलींच्या पुढाकाराने १९८१ मध्ये इथे टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर, म्हणजे टीआरडीडीसी, सुरू झालं. तिथल्या सॉफ्टवेअर संशोधकांनी टेस्टिंग स्वयंचलित करण्याचे दोन अगदी उलट्या दिशांचे मार्ग चोखाळले. पहिला मार्ग कोडकडून. ऑटोजेन नावाचं त्यांचं साधन सी भाषेतला प्रोग्राम घेतं आणि त्यातल्या प्रत्येक अटीच्या दोन्ही बाजू तपासल्या जातील असे इनपुट स्वतः शोधून काढतं. वाहन उद्योगाला याची फार गरज असते. ब्रेक किंवा स्टिअरिंगसारख्या सर्वांत धोक्याच्या भागांसाठी आयएसओ २६२६२ हे २०११ चं प्रमाण एमसी/डीसी नावाचं कव्हरेज मापायची जोरदार शिफारस करतं. त्यात गुंतागुंतीच्या निर्णयातली प्रत्येक अट एकटी बदलली तर निर्णय बदलतो का, हे दाखवावं लागतं. हे हाताने करणं म्हणजे शिक्षा आहे. तिथे यंत्राचं ऋण मान्य करायलाच हवं.

पण या मार्गाची सीमा त्याच्या स्वरूपातच आहे. कोडमध्ये जी अट आहे तिचे इनपुट यंत्र शोधतं. जी अट लिहायचीच राहून गेली, तिच्यासाठी एकही टेस्ट तयार होत नाही. कव्हरेज शंभर टक्के भरतं, आणि नसलेली अट नसलेलीच राहते.

म्हणून दुसरा मार्ग रिक्वायरमेंटकडून. टीआरडीडीसीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ईडीटी नावाची लेखनपद्धत मांडली. गाडीच्या इंडिकेटरसारख्या, सतत काहीतरी घडत असणाऱ्या यंत्रणेने कधी काय करायचं ते इंग्रजी परिच्छेदांत लिहिण्याऐवजी तक्त्यात लिहायचं. एका ओळीत काय घडलं, किती वेळात घडलं आणि त्यावर काय व्हायला हवं. तक्ता काटेकोर असल्यामुळे त्यातून टेस्ट केस यंत्राने काढता येतात. आता असा तक्ता भरायला बसलं की काय होतं ते पाहा. डावा इंडिकेटर चालू असताना ड्रायव्हरने हॅझर्डचं बटण दाबलं, तर चारही दिवे लुकलुकतील, हे सगळ्यांना माहीत असतं. मग हॅझर्ड चालू असतानाच लिव्हर उजवीकडे ढकलला तर? आणि नंतर हॅझर्ड बंद केला, पण लिव्हर अजून उजवीकडेच आहे, तर उजवा दिवा चालू राहील की सगळंच बंद होईल? परिच्छेद वाचताना हे प्रश्न पडत नाहीत, कारण मराठी असो की इंग्रजी, चांगलं वाक्य वाचकाला पुढे ओढून नेतं. तक्त्यात मात्र रिकामा चौकोन समोर येतो. तो भरायला कुणाला तरी फोन करावा लागतो, बैठक घ्यावी लागते, निर्णय घ्यावा लागतो. पुष्कळ दोष यंत्राने एकही टेस्ट चालवण्याआधी, या तक्ता भरण्याच्या कामातच उघडे पडतात. टेस्ट आपोआप तयार होण्याची किंमत म्हणून आधी माणसाला अधिक कसून विचार करावा लागतो. स्वयंचलनाच्या या एवढ्या पुढारलेल्या पद्धतीने माणसाचं काम काढून घेतलेलं नाही. तिने ते पुढच्या टोकाला नेलं आणि जास्त अवघड केलं.

याच संस्थेचं व्हेरिॲब्स हे साधन प्रोग्राममधली चूक गाठता येते का ते तपासतं. सॉफ्टवेअर पडताळणीच्या एसव्ही-कॉम्प या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ‘रीच-सेफ्टी’ विभागात ते २०१९ आणि २०२० या दोन्ही वर्षी पहिलं आलं. पुण्याने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट. पण त्या विभागातला प्रश्न काय असतो? अमुक ओळीपर्यंत प्रोग्राम कधी पोचू शकतो का. ती ओळ कोणती, तिथे पोचणं वाईट का, हे आधी माणसाने लिहून दिलेलं असतं. जगातल्या अव्वल साधनालाही प्रश्न बाहेरून द्यावा लागतो. एवढं शेजारी घडत असताना, बटणं दाबणाऱ्या स्क्रिप्टांच्या संख्येवरून आपण टेस्टिंग संपल्याचं जाहीर करतो, हे मला खटकतं.

अपेक्षाच चुकली तर स्वयंचलित तपासणी काय करते, ते १९ जुलै २०२४ रोजी सगळ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक छोटं अपडेट आलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडून बंद झाली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. त्या कंपनीत ऑटोमेशन नव्हतं म्हणून हे झालं का? तसं नाही. अपडेट बाहेर पाठवण्यापूर्वी तपासणारा स्वयंचलित व्हॅलिडेटर होता, आणि त्याने हे अपडेट पास केलं होतं. कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार घोळ असा झाला: त्या प्रकारच्या नियमांना २१ रकाने आहेत असं व्याख्येत होतं, पण यंत्रावर चालणारा सेन्सर २० च मूल्यं देत होता. आधीच्या टेस्टमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं चिन्ह होतं, त्यामुळे तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा एकविसाव्या रकान्यात खरी अट आली. सेन्सर जिथे काहीच नव्हतं तिथे वाचायला गेला आणि यंत्र कोसळलं. व्हॅलिडेटरही २१ च धरून चालला होता. तपासणाऱ्याने आणि लिहिणाऱ्याने एकच चुकीची समजूत वाटून घेतली, की हजार टेस्ट चालवल्या तरी हजार वेळा हिरवंच दिसतं. टेस्टिंगने चुका आहेत हे दाखवता येतं, चुका नाहीत हे दाखवता येत नाही, असं संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्राने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी बजावलं होतं. शंभर टक्क्यांची स्लाइड नेमका याच्या उलट दावा करते.

आता या टक्क्यांकडे वळतो. शंभर टक्के कशाचे? लिहिलेल्या टेस्ट केसचे. पण कुठल्या केस लिहायच्या हे कुणी ठरवलं, आणि न लिहिलेल्या किती, याचा त्यात हिशेब नाही. म्हणून टक्का वाढवायचा सोपा रस्ता कुठल्याही टीमला लवकर सापडतो. स्वयंचलित करायला अवघड असलेल्या केस यादीतून काढायच्या आणि सोप्या केसचे तुकडे करून संख्या फुगवायची. यात कुणी लबाड असतं असं नाही. ज्या आकड्यावर अप्रेझल ठरतं, तो आकडा माणसं वाढवतातच.

शिवाय त्या हिरव्या-लाल दिव्यांवर भरवसा किती ठेवायचा? गूगलने २०१६ मध्ये आपल्याकडचं चित्र मांडलं होतं: कोडमध्ये काहीही न बदलता कधी पास तर कधी नापास होणाऱ्या, म्हणजे फ्लेकी, टेस्टचे निकाल सगळ्या निकालांच्या दीड टक्का होते, आणि जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार तरी हा दोष होता. हे गूगलचं, जिथे या कामाला मनुष्यबळ आणि यंत्रं यांची ददात नाही.

फ्लेकी म्हणून बाजूला टाकलेल्या टेस्टमध्ये काय दडलेलं असू शकतं, ते एका उदाहरणाने दाखवतो. रात्रीची बिल्ड दोन वाजता लागते. एक टेस्ट पैसे भरते आणि पावतीवर आजची तारीख आहे का पाहते. ती नापास होते. सकाळी दहाला कुणीतरी ती टेस्ट परत चालवतं, आणि ती पास होते. असं चार वेळा झालं की तिच्यावर फ्लेकीचा शिक्का बसतो, ती वेगळ्या यादीत जाते आणि सगळे कामाला लागतात. कारण पाहिलं तर सरळ आहे. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आहे, भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात सर्व्हरच्या लेखी अजून कालचीच तारीख असते. टेस्ट खरं तेच सांगत होती. आता १ एप्रिलच्या पहाटे दोनला एखाद्या ग्राहकाने पैसे भरले तर त्याची पावती ३१ मार्चची निघेल, मागच्या आर्थिक वर्षात जाईल, आणि तोवर त्या वर्षाची पुस्तकं बंद करायला बसलेल्या माणसाची झोप उडेल. याहून वाईट शक्यता म्हणजे टेस्ट लिहिणाऱ्याने अपेक्षित तारीख काढायला ॲप्लिकेशनमधलंच तारखेचं फंक्शन वापरलं. मग दोन्हीकडे तीच चूक, आणि टेस्ट दिवसरात्र हिरवी.

इथे वाद घालणारा नवा मुद्दा काढेल, आणि तो टाळून चालणार नाही. तो म्हणेल, हे सगळं जुन्या ऑटोमेशनबद्दल झालं. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. ती कोड वाचून टेस्ट लिहिते, परिपत्रकही वाचू शकते, आणि स्क्रीनवरचं बटण हललं तर स्क्रिप्ट स्वतःच दुरुस्त करते. यातलं काही खरं आहे. परिपत्रक हाती दिलं तर त्यातून केस सुचवायला ही साधनं उपयोगी पडतात, आणि ती वापरावीत. पण आज बहुतेक ठिकाणी होतं ते असं, की त्यांच्यापुढे कोड ठेवला जातो आणि ‘याच्या टेस्ट लिही’ म्हटलं जातं. मग ऑटोजेनबद्दल जे म्हटलं तेच इथेही लागू होतं, फक्त ऑटोजेनची काटेकोर हमी नसताना. कोडमध्ये जे आहे तेच अपेक्षित म्हणून लिहिलं जातं. कोडही त्याच साधनाने लिहिलेला असेल तर हिशेब लिहिणाऱ्यालाच लेखापरीक्षक नेमल्यासारखं झालं, वह्या जुळणारच. स्वतःला दुरुस्त करणाऱ्या स्क्रिप्टचाही असाच धोका आहे. बटणाचा आयडी बदलला असेल तर ती दुरुस्ती सोयीची. पण बटण चुकून गायबच झालं असेल आणि साधनाने शेजारचं मिळतंजुळतं बटण दाबून पुढे जायचं ठरवलं, तर जो दोष पकडायला टेस्ट होती तोच तिने झाकला.

मग करायचं काय? नुसतं पाडून थांबणं बरोबर नाही, आणि माझ्या मते चांगलं ऑटोमेशन अगदी शक्य आहे.

अपेक्षा आधी लिहावी, कोडच्या आधी, आणि शक्य तर कोड न लिहिणाऱ्या माणसाने. तक्त्यात लिहावी. रिकामे चौकोन हीच त्या दिवसाची कमाई. त्यानंतर त्यातलं यंत्राला काय द्यायचं ते निवडावं. निवडताना मी पहिला नंबर जे दोष पूर्वी ग्राहकापर्यंत पोचले होते त्यांना देतो, कारण तिथे अपेक्षा पैसे मोजून कळलेली असते. बहुतेक टेस्ट स्क्रीनच्या खाली, एपीआयच्या किंवा त्याहून आतल्या पातळीवर असाव्यात. माइक कोनने २००९ मध्ये मांडलेला टेस्टचा पिरॅमिड सगळ्यांच्या स्लाइडवर असतो. प्रत्यक्षात मात्र पुष्कळ टीमचा पिरॅमिड उलटा असतो, कारण क्लायंटला डेमोत ब्राउझर आपोआप हलताना दाखवता येतो आणि एपीआयची टेस्ट दाखवण्यासारखी काही नसते. स्क्रीनमधून जाणाऱ्या टेस्ट मोजक्याच हव्यात: लॉगिनपासून पैसे भरेपर्यंतचा मुख्य मार्ग, आणि असे आणखी थोडे. घड्याळ कोडमध्ये गाडून न ठेवता बाहेरून देता येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करावी, म्हणजे ‘१ एप्रिल, पहाटे दोन’ ही टेस्ट भर दुपारीही चालवता येते.

टेस्टचीही परीक्षा घ्यावी. १९७८ मध्ये डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी सुचवलेली म्युटेशनची कल्पना आजही फार कमी टीम वापरतात. कोडमध्ये मुद्दाम छोटी चूक करायची, ‘६० किंवा जास्त’ च्या जागी ‘६० पेक्षा जास्त’, आणि किती टेस्ट ओरडतात ते पाहायचं. एकही ओरडली नाही, तर बरोबर ६० वर्षांच्या माणसाची टेस्ट आपल्याकडे नाही, हे सिद्ध झालं. आढाव्यात आकडा मांडायचाच असेल तर अशा किती चुका पकडल्या तो मांडा. तो आकडाही फसवता येतो, पण त्याला जास्त मेहनत लागते. आणि जी टेस्ट वर्षानुवर्षं काहीच सांगत नाही, ती काढून टाकायचं धैर्यही हवं. टेस्ट हाही कोडच. तो सांभाळायला पैसे पडतात.

बरोबर उत्तर आधी ठाऊक नसतं तिथे दुसरी एक युक्ती आहे. उत्तर माहीत नसलं तरी दोन उत्तरांमधलं नातं माहीत असू शकतं, ते तपासायचं. टी. वाय. चेन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या मेटामॉर्फिक टेस्टिंगचा गाभा हाच. रस्ता सुचवणारं ॲप घ्या. स्वारगेटहून औंधचं अंतर बरोबर किती, ते कुणी सांगावं? पण जाण्याचं आणि परतीचं अंतर सारखं असावं, हे नातं कुणीही सुचवील. ही टेस्ट पुण्यात मात्र पहिल्याच दिवशी खोटी नापास होईल, कारण जंगली महाराज रस्ता एकेरी आहे आणि फर्ग्युसन रस्ताही. कुठलं नातं कुठे लागू, ते शहर ओळखणाऱ्यालाच कळतं. वाटेत एक थांबा वाढवला तर अंतर कमी होता कामा नये, हे नातं इथेही टिकतं.

असं ओळखणारं माणूस हाच या सगळ्या वादाचा खरा विषय आहे. ज्याला आपण ‘मॅन्युअल’ म्हणून हिणवतो त्याच्याकडे काय असतं? त्याला ठाऊक असतं की महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या शाळेच्या दाखल्यांवर हजारोंची जन्मतारीख १ जून आहे. तेव्हा ‘नाव आणि जन्मतारीख सारखी म्हणजे माणूस एकच’ हा नियम आपल्याकडे धडाधड चुकीच्या जोड्या लावील. त्याला ठाऊक असतं की ‘श्रीकृष्ण’ आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं, पण युनिकोडमध्ये त्याची नऊ चिन्हं होतात, म्हणून वीस चिन्हांच्या रकान्यात मराठी पूर्ण नाव मध्येच तुटतं. त्याला ठाऊक असतं की ‘ॲड.’ दोन वेगळ्या प्रकारे टाइप झालेलं असू शकतं. डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला मात्र वेगळी, आणि शोध घेतला तर निम्मे वकील सापडत नाहीत. अडाखे बांधत, शोधत, एका विचित्र उत्तरावरून दुसऱ्या प्रश्नाकडे जात केलेलं हे टेस्टिंग आहे. यातला प्रत्येक शोध पुढे स्वयंचलित टेस्ट होऊ शकतो, पण शोध लागल्यानंतरच.

टेस्टरने कोड शिकू नये, असं माझं म्हणणं नाही. जरूर शिकावं, एपीआय, डेटाबेसच्या क्वेरी आणि एखादी भाषा आली की त्याचे हात लांब होतात. पण आज क्रम उलटा झाला आहे. तीन महिन्यांच्या क्लासात लोकेटर, म्हणजे स्क्रीनवरचं बटण किंवा रकाना स्क्रिप्टला शोधून देणारी खूण, कसा लिहायचा ते शिकवतात. काय तपासायचं, ते कुठे शोधायचं आणि ते कुणाला विचारायचं, हे कुणी शिकवत नाही. मग नोकरीत त्या मुलीला दुसऱ्याने लिहिलेल्या केस स्क्रिप्टमध्ये उतरवायचं काम मिळतं, आणि तीन वर्षांनी तेवढं काम साधन करू लागलं की तिलाच सांगितलं जातं, तुझी गरज नाही. जिच्याकडे प्रश्न विचारायची ताकद होती तिला आपण टंकलेखनाला बसवलं, आणि आता टंकलेखक नको म्हणतो. पगाराच्या पट्टीत ‘ऑटोमेशन’ आणि ‘मॅन्युअल’ अशी जी भिंत उभी केली आहे, ती या क्षेत्रातल्या अनुभवी माणसांना बाहेर घालवते, आणि ही माणसं गेल्यावर काय गेलं ते रिलीजनंतर कळतं.

निदान मुलाखतीपासून सुरुवात करता येईल. उमेदवाराला एका पानाचं खरं रिक्वायरमेंट द्यावं आणि अर्धा तास एकटं बसू द्यावं. त्याने परत आल्यावर त्या पानात काय लिहिलेलं नाही ते सांगावं, आणि त्यातली कुठली तपासणी यंत्राला द्यायची, कुठली द्यायची नाही, हे कारणांसह मांडावं. लोकेटर त्यानंतर विचारावा.